अब्राहाम लिंकन आणि त्यांचे पूर्वज

इतिहासाच्या तासाला आम्ही कधी कधी वर्गास एक साधा प्रश्न विचारतो. वडिलांचे नाव सर्वांस येते, आजोबांचेही बहुतेकांस येते. परंतु पणजोबांचे नाव विचारले की वर्ग शांत होतो, आणि त्यांच्या पलीकडे गेलो तर एकही हात वर होत नाही. ह्यात मुलांस दोष देण्याचे कारण नाही. ज्या घरी सनदा नाहीत, बखरी नाहीत, अशा कष्टकरी कुळांची आठवण कोणत्याही देशात तीन पिढ्यांपलीकडे सहसा पोहोचत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सोळावे अध्यक्ष अब्राहाम लिंकन ह्यांचीही गोष्ट हीच होती. ज्यांचे नाव आज जगभर आदराने घेतले जाते, त्या पुरुषास आपल्या आजोबांच्या मागचे धड कोणी ठाऊक नव्हते. आणि त्यांच्या मातेविषयी उठलेल्या लोकापवादाचे निरसन करणारा कागद त्यांच्या हयातीत उजेडात आला नाही. तो कागद कोठे होता, कसा सापडला, आणि त्या घराण्याचा माग दोनशे वर्षे मागे कसा काढण्यात आला, ही हकीकत लिंकन ह्यांच्या चरित्राबरोबरच वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

लिंकन ह्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी संस्थानातील हार्डिन परगण्यात, ओंडक्यांच्या एका खोलीच्या झोपडीत झाला. वडील टॉमस हे शेती व सुतारकाम करीत. माता नॅन्सी हँक्स. सारा नावाची एक वडील बहीण होती. टॉमस नावाचा धाकटा भाऊ तान्हेपणीच वारला. टॉमस लिंकन ह्यांस लिहिणे म्हणजे कशीबशी सही करण्यापुरतेच येत असे. त्यांनी केंटकीत एकामागून एक तीन शेते घेतली, आणि तिन्ही शेतांच्या बाबतीत मालकीची भानगड उपस्थित झाली. त्या प्रांतात सरकारने नीट मोजणी करून दिलेली नव्हती. अमक्या ओकच्या झाडापासून तमक्या ओढ्यापर्यंत, अशी हद्द लिहीत; झाड पडले किंवा ओढ्याने पात्र बदलले की हद्दीचा पुरावाच नाहीसा होई. एकाच जमिनीवर अनेकांचे हक्क छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले असत. ज्याच्यापाशी वकील आणि पैसा, त्याचा कागद खरा ठरे. ह्या त्रासास कंटाळून, आणि काही अंशी गुलामगिरीचा तिटकारा म्हणूनही, टॉमस ह्यांनी १८१६ च्या अखेरीस आपले बिऱ्हाड ओहायो नदीपलीकडे इंडियाना संस्थानात नेले. तेथे गुलामगिरीस मनाई होती, आणि जमीन सरकारी मोजणीची होती. सदोष कागदाने एका गरीब कुटुंबाचे घरदार कसे उठते, हे अब्राहामाने अशा रीतीने सातव्याआठव्या वर्षीच पाहिले.

इंडियानात दोन वर्षे झाली नाहीत तोच घरावर मोठा घाला पडला. त्या रानात एक विषारी झुडूप उगवे. ते गाईंच्या खाण्यात आले म्हणजे त्यांचे दूध पिणारी माणसे दगावत. ह्या रोगाने ५ ऑक्टोबर १८१८ रोजी नॅन्सी मरण पावली. अब्राहाम तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढील वर्षी, २ डिसेंबर १८१९ रोजी, टॉमस ह्यांनी केंटकीतील एलिझाबेथटाउन येथे सारा बुश जॉन्स्टन ह्या विधवेशी विवाह केला. ती आपल्या तीन मुलांसह आली, आणि तिने सवतीच्या मुलांस पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. स्वतः फारशी शिकलेली नसूनही अब्राहामाच्या वाचनाच्या आवडीस तिने कधी आडकाठी केली नाही. त्याचे शाळेत जाणे सर्व मिळून एक वर्षाहून अधिक भरले नाही. पवित्र शास्त्र, इसापाच्या गोष्टी, बन्यनकृत यात्रेकरूचा प्रवास आणि वॉशिंग्टनचे चरित्र, अशी हाती येतील ती पुस्तके तो पुनःपुन्हा वाची.

१८३० साली कुटुंब इलिनॉय संस्थानात गेले. पुढील वर्षी बावीस वर्षांचा अब्राहाम न्यू सेलम ह्या खेड्यात स्वतंत्रपणे राहू लागला. दुकान चालविले, ते बुडाले; कर्ज झाले, ते त्याने पुष्कळ वर्षे खपून फेडले. टपाल अधिकाऱ्याचे काम केले. नंतर पुस्तकांवरून जमीनमोजणी शिकून तो परगण्याचा दुय्यम मोजणीदार झाला. ज्या बापाची जमीन चुकीच्या मोजणीने गेली त्याच्या मुलाने हाती मोजणीची साखळी घ्यावी, हा योग विचार करण्याजोगा आहे. १८३४ साली तो प्रांतिक कायदेमंडळात निवडून आला, १८३६ साली वकिलीची सनद मिळविली, आणि १८३७ साली स्प्रिंगफील्ड शहरी जाऊन वकिली करू लागला. १८४२ साली मेरी टॉड ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४७ ते १८४९ अशी दोन वर्षे ते राष्ट्रीय प्रतिनिधिसभेचे सभासद होते.

ह्याच काळात त्यांच्या पूर्वजांचा प्रश्न प्रथम लेखी स्वरूपात पुढे आला. मॅसॅच्युसेट्समध्ये हिंगहॅम नावाचे जुने गाव आहे. त्या गावचे इतिहासकार सॉलोमन लिंकन ह्यांनी १८४८ साली आपल्याच आडनावाच्या ह्या सभासदाकडे त्यांच्या कुळाविषयी विचारणा केली. लिंकन ह्यांनी ठाऊक होते तेवढे प्रांजळपणे कळविले. आजोबांचे नाव अब्राहाम. ते व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम परगण्यातून केंटकीत आले व मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेले. त्यापूर्वीचे लोक पेन्सिल्वेनियात राहत असावेत. ह्यापलीकडे काही सांगता येत नाही, असा त्या उत्तराचा मथितार्थ होता. त्याच वर्षी त्यांनी रॉकिंगहॅम येथील डेव्हिड लिंकन ह्या आप्ताशीही पत्रव्यवहार केला. दोन्ही घराण्यांत मॉर्डेकाय, अब्राहाम अशी नावे वारंवार येत. मॉर्डेकाय म्हणजे आपल्या मराठी पवित्र शास्त्रातील मर्दखय. परंतु केवळ नावांच्या सारखेपणावरून नाते सिद्ध होत नाही, हे वकील असलेल्या लिंकन ह्यांस चांगले कळत होते, आणि १८५९ साली लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात त्यांनी तसे स्पष्ट नमूद केले. १८४८ च्या सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर शहरी माजी गव्हर्नर लेव्ही लिंकन ह्यांच्या घरी त्यांस भोजनाचे आमंत्रण होते. यजमान व पाहुणा एकाच मूळ पुरुषाचे वंशज आहेत, हे त्या पंक्तीत कोणासही खात्रीने सांगता आले नसते. ते सिद्ध झाले तेव्हा दोघेही मृत्यू पावले होते.

आजोबांच्या मृत्यूची गोष्ट मात्र लिंकन ह्यांनी वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकलेली होती. गोरे वसाहतवाले मूळ रहिवाशांच्या शिकारीच्या भूमीत घुसत होते, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंनी रक्तपात चालला होता. वडील अब्राहाम आपल्या तीन मुलांसह शेतात काम करीत असता त्यांच्यावर झाडीतून गोळी आली व ते जागीच ठार झाले. थोरला मुलगा मॉर्डेकाय बंदूक आणण्यास घरी धावला, मधला जोशाया मदत आणण्यास गेला, आणि धाकटा टॉमस बापाच्या प्रेतापाशी राहिला. त्यास उचलून नेण्यास आलेल्या हल्लेखोरास मॉर्डेकायने नेम धरून मारले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे जमीन थोरल्याकडे गेली, आणि टॉमस लहानपणीच मजुरी करीत फिरू लागला. ही घटना लिंकन १७८४ सालची समजत. पण केंटकीच्या दप्तरात १७८५ सालचा त्या जमिनीच्या मोजणीचा कागद मिळाला, आणि मृत्यूचे साल १७८६ ठरले. तोंडी आठवण घटनेस सच्ची राहिली. साल मात्र तिच्यातून निसटले.

१८६० च्या नोव्हेंबरात लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील संस्थाने फुटून निघाली, आणि १८६१ च्या एप्रिलात यादवी युद्धास तोंड लागले. त्या वेळी देशात सुमारे ४० लक्ष माणसे गुलामगिरीत होती. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन ह्यांनी बंडखोर प्रदेशांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. पुढे राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने १८६५ च्या डिसेंबरात ती प्रथा संपूर्ण देशातून उठली. ह्या झगड्याचा ठसा आपल्या महाराष्ट्रावरही उमटला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपला गुलामगिरी हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. स्वतः लिंकन ह्यांस मात्र आपल्या कार्याची पूर्तता पाहावयास मिळाली नाही. युद्ध संपत आले असता, १४ एप्रिल १८६५ रोजी, नाटकगृहात एका मारेकऱ्याने त्यांच्यावर गोळी झाडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अंत झाला.

एवढ्या थोर पुरुषाच्या जन्माविषयी लोकांस कुतूहल वाटावे हे साहजिकच होते. पण कुतूहलाच्या मागोमाग कुजबूजही आली. लिंकन ह्यांच्या आईबापांचा विवाह रीतसर झालाच नव्हता, असे काही लोक म्हणू लागले. ह्या अपवादास आधार एवढाच, की विवाहाची नोंद सापडत नव्हती. कुटुंब हार्डिन परगण्यात राहत असे, म्हणून तेथील एलिझाबेथटाउनच्या कचेरीत शोध झाला. तेथे मिळाला तो १८१९ सालच्या दुसऱ्या विवाहाचा लेख. नॅन्सीच्या विवाहाचा उल्लेखच नाही. वडील १८५१ साली वारल्यावर लिंकन ह्यांनी घरच्या पवित्र शास्त्राच्या पानांवर स्वतःच्या हाताने कुटुंबातील जन्ममृत्यू लिहून ठेविले होते. परंतु जगाचे तोंड बंद करावयास सरकारी दप्तरातील पुरावा हवा होता. पुत्र राष्ट्राचा अध्यक्ष झाला, आणि माता मात्र रानातील थडग्यात संशयाखाली पडून राहिली.

कागद नव्हता असे नाही. तो दुसऱ्याच परगण्यात होता. लग्नापूर्वी नॅन्सी वॉशिंग्टन परगण्यात बेरी नावाच्या कुटुंबात राहत होती, आणि तेथील रिवाजाप्रमाणे विवाह वधूच्या घरी झाला होता. त्या परगण्याचे मुख्य ठिकाणही स्प्रिंगफील्ड ह्याच नावाचे. इलिनॉयमधील ज्या शहरी लिंकन ह्यांची वकिली चाले त्याचा व ह्याचा काही संबंध नाही. १८७८ साली तेथील कचेरीचे लेखक बुकर ह्यांस जुन्या दप्तरात एक जामीनकतबा आढळला. तारीख १० जून १८०६. रक्कम पन्नास पौंड. खाली टॉमस लिंकन व जामीन रिचर्ड बेरी ह्यांच्या सह्या. नियोजित विवाहास कायद्याची काही हरकत नाही, अशी हमी त्यात होती. त्याबरोबरच जेसी हेड नावाच्या मेथडिस्ट धर्मसेवकाने आपण लावलेल्या विवाहांची जी यादी १८०७ साली कचेरीत दाखल केली होती तीही मिळाली. त्या यादीत इतर जोडप्यांबरोबर टॉमस लिंकन व नॅन्सी हँक्स ह्यांची नावे होती, आणि विवाहाचा दिवस १२ जून १८०६. थोरली मुलगी सारा हिचा जन्म १८०७ च्या फेब्रुवारीत, आणि अब्राहामाचा १८०९ साली. म्हणजे एकाहत्तर वर्षे जुन्या त्या एका ओळीने सर्व कुजबुजीस उत्तर दिले. खेडोपाडी घोड्यावरून फिरणाऱ्या त्या धर्मसेवकास आपण काय लिहून ठेवीत आहो ह्याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने आपले नेमलेले काम नीट केले, एवढेच.

कागदांनी पित्यासही न्याय दिला. टॉमस लिंकन हा निरुद्योगी, भटक्या मनुष्य होता, असे चित्र अनेक चरित्रकारांनी रंगविले होते. हार्डिन परगण्याच्या कराच्या याद्या तपासल्या तेव्हा त्याच्या नावावर जमीन व घोडे असल्याचे आणि तो नियमाने कर भरीत असल्याचे दिसून आले. न्यायाच्या कामी पंच म्हणूनही त्यास बोलाविलेले आढळते. तो गरीब होता, पण ऐतखाऊ नव्हता.

आता आणखी मागे जाऊ. १८४५ साली बॉस्टन शहरी वंशावळींच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा संशोधकांनी लिंकन घराण्याचा माग एका दप्तरखान्यातून दुसऱ्या दप्तरखान्यात काढीत नेला. पहिली अडचण आडनावाची. केंटकीच्या जमिनीच्या कागदांत आजोबांचे नाव लिंकन असे नसून लिंकहॉर्न असे लिहिलेले होते. कारकुनाने कानास ऐकू आले तसे लिहिले. आपल्याकडे एकाच आडनावाची इंग्रजी कागदांत किती रूपे होतात हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. दुसरी अडचण बर्क्स परगण्यातील मॉर्डेकाय आणि व्हर्जिनियातील जॉन ह्यांचे नाते सिद्ध करण्याची. हा दुवा दोन कागदांनी जोडला. मॉर्डेकाय १७३६ साली वारला. त्याने मृत्युपत्रात न्यू जर्सीतील ३०० एकर जमीन आपला मुलगा जॉन ह्यास ठेविली होती. पुढे १७४८ साली पेन्सिल्वेनियात राहणाऱ्या जॉन लिंकनने तीच जमीन विकली, आणि ती आपणास बाप मॉर्डेकाय ह्याच्याकडून आली, असे खरेदीखतात नमूद केले. हा जॉन १७६८ साली व्हर्जिनियात जाऊन राहिला, आणि त्याचाच मुलगा तो अब्राहाम, जो केंटकीत मारला गेला.

अशा रीतीने साखळी पूर्ण झाली. सॅम्युएल लिंकन ह्याचा बाप्तिस्मा इंग्लंडातील नॉर्फक परगण्यातल्या हिंगहॅम गावी १६२२ साली झाल्याची नोंद आहे. १६३७ साली एका विणकराचा उमेदवार म्हणून तो जहाजाने अमेरिकेस गेला व तेथील नव्या हिंगहॅम गावी स्थायिक झाला; हे गाव ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे तेथूनच पुढे गॉर्डन हॉल हे १८१३ साली मुंबईस मिशनरी म्हणून आले. सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय लोहार होता. त्याचा मुलगा दुसरा मॉर्डेकाय ह्याने लोखंडाच्या भट्ट्यांचे काम केले, आणि न्यू जर्सीवरून तो पेन्सिल्वेनियात गेला. त्याचा जॉन, जॉनचा अब्राहाम, अब्राहामाचा टॉमस, आणि टॉमसचे पुत्र अध्यक्ष अब्राहाम लिंकन. सॅम्युएलपासून ही सातवी पिढी. राजा नाही, सरदार नाही. विणकर, लोहार, शेतकरी आणि सुतार. १९०९ साली लिंकन ह्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली तेव्हा ही वंशावळ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

मातेच्या कुळाचा उलगडा होण्यास आणखी शंभर वर्षे लागली. नॅन्सी कोणाची मुलगी, ह्यावर विद्वानांचा वाद चालला होता, कारण स्त्रियांची नावे त्या काळच्या दप्तरांत क्वचितच येत. अखेर २०१५ साली, आईकडून मुलीकडे उतरणाऱ्या देहातील सूक्ष्म खुणांची त्या कुळातील हयात वंशजांत शास्त्रीय तपासणी करण्यात आली, आणि नॅन्सी ही ल्यूसी हँक्स हिची मुलगी होती ह्या मतास बळकटी आली. जेथे कागद मुका होता तेथे शास्त्राने साक्ष दिली.

आणि आता ह्या कथेचा शेवट. लिंकन ह्यांस चार पुत्र झाले. त्यांपैकी एकटा रॉबर्ट मोठेपणास पोहोचला. ज्याच्याविषयी वाद नाही असा त्यांचा शेवटचा वंशज, रॉबर्टचा नातू, १९८५ साली निपुत्रिक वारला. दोनशे वर्षांचा माग काढून ज्या वंशाचे मूळ इतक्या श्रमाने शोधले, त्या वंशाची अध्यक्षांकडून चालत आलेली शाखा खुंटली. तथापि लिंकन ह्यांचे नाव खुंटले नाही. ते कुळावर अवलंबून नव्हतेच.

मग वंशावळ शोधण्यात अर्थ काय, असे कोणी विचारील. आमच्या मते अर्थ दोन. कुळाचा तोरा मिरविण्यासाठी हे काम करू नये; परंतु सत्यासाठी अवश्य करावे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीने होतो, आणि तीत राजांबरोबर रूथसारखी परकी, गरीब विधवाही नावानिशी आहे. लहान माणसांचीही नावे लिहिली पाहिजेत, कारण न लिहिलेल्या जागेत कुजबूज शिरते. दुसरे असे, की जे नीट लिहून ठेवितात त्यांचे उपकार पुढच्या पिढ्यांवर असतात. १८०७ सालच्या त्या धर्मसेवकाच्या एका ओळीने एका मातेची अब्रू राखली.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या सुट्टीत एक काम करा. घरातील वडील माणसांजवळ बसा, आणि आजोबा-पणजोबांची, तसेच आजी-पणजींची नावे, त्यांचे गाव, त्यांचा धंदा, ते गाव सोडून का निघाले, हे सर्व एका वहीत तारखेसह उतरून घ्या. आजीचे माहेरचे नाव विसरू नका. आठवण आणि कागद ह्यांचा मेळ बसत नसेल तर दोन्ही लिहा. पालकांसही आमची विनंती आहे, की मुलांनी विचारल्यास सांगण्यास अनमान करू नये. घराणे गरीब होते हे सांगण्यात कमीपणा नाही. शाळा पुन्हा उघडेल तेव्हा आम्ही वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहो, आणि ह्या वेळी पुष्कळ हात वर होतील अशी आम्हांस आशा आहे.